किडब्रुक लेन, १८७१ : न उलगडलेला खून जुन्या वृत्तपत्रांतून वाचताना

दप्तरी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील न उलगडलेल्या खुनांविषयी येथे अधूनमधून चर्चा होते, पण ती बहुधा १८८८ च्या व्हाइटचॅपेलपाशी, म्हणजे 'जॅक द रिपर'च्या खुनांपाशी, सुरू होते आणि तेथेच अडकून पडते. म्हणून त्याआधीचे, तुलनेने कमी चघळले गेलेले एक प्रकरण मांडतो. गेले काही महिने ते मी ऑनलाइन वृत्तपत्र-संग्रहांतून वाचत आहे. त्यात मला खुनी सापडलेला नाही. आपण जे वाचतो ते नेमके कोणी, कोठे आणि कोणासमोर सांगितले होते याविषयीची माझी समजूत मात्र पुष्कळ बदलली.

२६ एप्रिल १८७१ च्या पहाटे चारच्या सुमारास लंडनच्या आग्नेयेस एल्थमजवळच्या किडब्रुक लेन या आडरस्त्यावर डोनाल्ड गन नावाचा पोलीस शिपाई गस्त घालत होता. तेथे एक मुलगी गुडघे आणि हात टेकून कण्हताना त्याला दिसली. तिच्या डोक्यावर व चेहऱ्यावर इतके घाव होते की चेहरा ओळखू येत नव्हता. 'माझं डोकं, माझं डोकं' असे ती पुटपुटत होती. 'माझा हात धरा' असे म्हणून तिने डावा हात वर केला, आणि गन तो धरणार तोच ती पालथी पडली. 'मला मरू द्या' हे शब्द त्यानंतरचे. तिला गाइज इस्पितळात नेण्यात आले आणि ३० एप्रिलला, रविवारी, तिचा मृत्यू झाला. ती दोन महिन्यांची गर्भवती होती.

तिचे नाव जेन मरिया क्लाउसन. ग्रिनिचमध्ये छपाईचा व्यवसाय करणाऱ्या पूक कुटुंबाकडे ती मोलकरीण होती आणि खुनाच्या दोनेक आठवडे आधी तिला कामावरून काढण्यात आले होते. ओळख पटताच पोलीस थेट पूक यांच्या घरी गेले आणि १ मे रोजी त्यांनी धाकटा मुलगा एडमंड वॉल्टर पूक, वय २०, याला अटक केली. गिलावा करणारे कारागीर वापरतात तसले, एका बाजूला हातोडी आणि दुसऱ्या बाजूला कुऱ्हाडीसारखे पाते असलेले हत्यार जवळच्या मॉर्डन कॉलेजच्या आवारात मिळाले होते. जुलैत ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयात सरन्यायाधीश बोव्हिल यांच्यासमोर खटला चालला आणि ज्यूरीने फार वेळ न घेता एडमंडची निर्दोष मुक्तता केली. त्यानंतर या खुनासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही.

निकालानंतर पूक यांच्या घरासमोर गर्दी जमून हुर्यो उडवू लागली. एडमंड दोषी आहे असे सुचवणारी पत्रके निघाली, आणि त्यांपैकी एका लेखकावर पूक यांनी बदनामीचा दावा लावून तो जिंकलाही. ज्यूरीला जे पटले नाही ते रस्त्यावरच्या माणसाला इतके ठामपणे कसे पटले होते, या एका प्रश्नापासून माझे वाचन सुरू झाले.

उत्तर वृत्तपत्रांतच होते, पण ते सापडायला मला वेळ लागला. ओल्ड बेलीच्या खटल्यांचे जुने छापील अहवाल १६७४ ते १९१३ पर्यंतचे आहेत आणि ते सर्व आज मोफत वाचता येतात. मी आधी वृत्तपत्रे वाचली आणि मग हा अहवाल उघडला. जेन ज्या घरमालकिणीकडे राहत होती तिची साक्ष मी शोधू लागलो, कारण त्या संध्याकाळी जेनने तिला 'मी एडमंडला भेटायला चालले आहे' असे सांगितल्याचे मी वृत्तपत्रांत वाचले होते. घरमालकीण अहवालात आहे. ते वाक्य नाही. प्रथम मला वाटले की लघुलेखकाने गाळले असावे. नंतर कळले की न्यायाधीशांनीच ते ज्यूरीसमोर येऊ दिले नव्हते. मृत व्यक्तीने तिसऱ्याला सांगितलेली गोष्ट म्हणजे ऐकीव पुरावा, आणि आरोपी समोर नसताना उच्चारलेले ते शब्द इंग्लंडच्या तत्कालीन कायद्याप्रमाणे ग्राह्य नव्हते.

मे महिन्यात हीच साक्षीदार मंडळी कोरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंचे कारण तपासणारा अधिकारी) चौकशीत आणि पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे बोलली होती. तेथे नियम सैल होते, बातमीदार लघुलेखन करत बसलेले होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे छापून येत होते. थोडक्यात, वृत्तपत्र वाचणाऱ्या ग्रिनिचकराला जेनचे शब्द ठाऊक होते आणि बारा ज्यूरर्सनी ते, निदान न्यायालयात तरी, ऐकले नव्हते. आपण आज ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह उघडून हे प्रकरण वाचतो तेव्हा आपलीही जागा ज्यूरीच्या बाकावर नसते, पूक यांच्या घरासमोरच्या गर्दीत असते. हे ध्यानात न ठेवता मी सुरुवातीला एडमंडविरुद्ध मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा झालो होतो.

या विषयावर काम केलेल्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

मृद्गंधा

धागा आवडला. एक शंका आहे. आपण 'वृत्तपत्रांत वाचले' असे म्हणता तेव्हा किती वृत्तपत्रांत? लंडनपासून स्कॉटलंडपर्यंतच्या पाच-पंचवीस पत्रांत एकच गोष्ट आली असेल तर ती बऱ्यापैकी खात्रीची मानायला हरकत नसावी, असे मला वाटते. मी वंशावळीच्या कामासाठी जुनी पत्रे चाळते आणि तेथे तरी हाच नियम लावते.

दप्तरी

मृद्गंधाताई, नेमक्या याच नियमाने मी फसलो. पहिल्या महिन्याची वर्गणी भरली आणि अधाशासारखी कात्रणे उतरवून घेतली. डझनभर पत्रे एका गोष्टीवर सहमत आहेत हे पाहून वहीत ठळक अक्षरांत 'निश्चित' असे लिहून ठेवले. पुढे सगळी कात्रणे शेजारी-शेजारी लावून वाचली तेव्हा दिसले की वाक्येच्या वाक्ये सारखी आहेत, स्वल्पविरामसुद्धा जागचे हललेले नाहीत. म्हणजे साक्षीदार एकच होता, त्याचे प्रतिध्वनी डझनभर होते.

त्या काळाचा संदर्भ पाहिला तर यात नवल नाही. वृत्तपत्रांवरील मुद्रांक-कर १८५५ मध्ये गेला, कागदावरचा कर १८६१ मध्ये, आणि गावोगावी स्वस्त दैनिके निघाली. तारयंत्रे १८७० मध्ये टपाल खात्याकडे आली आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रेस असोसिएशन ही प्रांतीय पत्रांची सामाईक वृत्तसंस्था काम करू लागली. जेनचा खून त्यानंतर जेमतेम सव्वा वर्षाने झाला. लंडनमध्ये एका बातमीदाराने लिहिलेला मजकूर त्याच रात्री तारेने अनेक शहरांत पोहोचत होता, आणि ज्यांच्याकडे तार नव्हती ते दुसऱ्या दिवशी कात्रीने कापून घेत होते. शेवटी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची पत्रे बोटीने आलेल्या अंकांतून उतरवून घेत.

आता मी भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी वापरलेली रीत माझ्या कुवतीप्रमाणे वापरतो. पोथ्या मोजायच्या नाहीत, त्यांची कुळे लावायची. दोन पोथ्यांत एकच चूक असेल तर त्या एकाच आईच्या लेकी. येथेही आडनावाची एकच चुकीची वर्तनी, एकच चुकलेली वेळ किंवा एकाच ठिकाणी तुटलेले वाक्य दिसले की ती सर्व कात्रणे मी एका पाकिटात टाकतो आणि पाकिटावर एकच खूण करतो. माझ्या भल्यामोठ्या गठ्ठ्याची पाकिटे केली तेव्हा ती दोन्ही हातांच्या बोटांवर मावली. त्यांतले सर्वांत मोलाचे पाकीट स्थानिक पत्राचे, म्हणजे 'केंटिश मर्क्युरी'चे. त्याचा बातमीदार गावातलाच असल्यामुळे लंडनच्या पत्रांना नको वाटलेले तपशील तो देतो.

आपल्याला वंशावळीच्या कामात उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. या प्रकरणात सुरुवातीचे दिवस नावाने शोधून काहीही हाती लागत नाही, कारण जेनची ओळख ती वारल्यानंतर पटली. पहिल्या बातम्यांत ती केवळ 'एक तरुणी' आहे. तेथे शोध घ्यावा लागतो तो किडब्रुक, एल्थम, गाइज इस्पितळ अशा शब्दांनी, आणि तारखेची चौकट आठवडाभराची ठेवून. नाव कळल्यानंतरही क्लाउसन, क्लाउझन अशा वर्तन्या बदलत राहतात. त्यातच यंत्राने वाचलेल्या मजकुरात 'यू' या अक्षराचे 'एन' होते, म्हणून मुद्दाम चुकीची वर्तनी घालूनही शोधावे. असे सापडलेले अंक कधी कधी पहिल्या शोधात आलेल्या अंकांहून अधिक कामाचे निघतात.

तळटीप

व्हाइटचॅपेलचा उल्लेख झालाच आहे म्हणून भर घालतो. १८८८ च्या जानेवारीत सुरू झालेल्या 'स्टार' या सायंदैनिकाने सप्टेंबरात 'लेदर एप्रन' नावाचा बागुलबुवा इतका रंगवला की जॉन पायझर नावाच्या मोच्याला पोलिसांनी पकडले. खुनांच्या वेळी तो अन्यत्र होता हे सिद्ध होऊन तो सुटला. आज त्या आठवड्याचे अंक ओळीने वाचले तर आधी अफवा, मग माणूस, असा उलटा क्रम स्पष्ट दिसतो. सुटे कात्रण वाचणाऱ्याला मात्र पायझर हा एक 'संशयित' म्हणूनच भेटतो.

पैशांविषयीही सांगतो, कारण हा प्रश्न नेहमी येतो. न्यूझीलंडचा 'पेपर्स पास्ट' आणि ऑस्ट्रेलियाचा 'ट्रोव्ह' हे दोन्ही संग्रह पूर्ण मोफत आहेत. ब्रिटिश संग्रहात शोध मोफत असून पान उघडायला वर्गणी लागते, परंतु २०२१ पासून तेथील दहा लाखांहून अधिक पाने केवळ नोंदणी करून पाहता येतात. नवख्याने सुरुवात 'ट्रोव्ह'पासून करावी. मूळ लंडनचा मजकूर तेथे दोन महिने उशिरा, पण पुष्कळदा सविस्तर मिळतो.

साक्षीपुरावा

मी मुंबईत फौजदारी वकिली करतो. धागाकर्त्यांनी ऐकीव पुराव्याचा जो मुद्दा मांडला आहे तो वाचून राहवले नाही. हाच खटला आपल्याकडे, तोही अवघ्या दीड वर्षाने चालला असता, तर ते वाक्य पुराव्यात आले असते असे माझे मत आहे.

इंग्लंडमध्ये मृत्युपूर्व जबाब ग्राह्य धरण्यासाठी बोलणाऱ्याने जगण्याची आशा पूर्णपणे सोडलेली असणे आवश्यक होते. घरातून चालत निघालेल्या, पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नसलेल्या मुलीचे वाक्य त्या चौकटीत बसणे अशक्यच होते. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला आपला भारतीय पुरावा अधिनियम १ सप्टेंबर १८७२ पासून अमलात आला, आणि त्याच्या कलम ३२ मधील पहिल्या पोटकलमाने ही अट काढून टाकली. मृत्यूच्या कारणाविषयी, किंवा ज्या घटनाक्रमातून मृत्यू ओढवला त्यातील कोणत्याही परिस्थितीविषयी मृत व्यक्तीने केलेले विधान ग्राह्य आहे, मग ते करताना तिला मृत्यूची चाहूल असो वा नसो.

याचा कस लागला तो १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, आलेल्या पाकला नारायण स्वामी प्रकरणात. पुरी येथे रेल्वेच्या डब्यात सापडलेल्या पेटीत एका माणसाचा मृतदेह मिळाला होता. घरून निघताना त्याने बायकोला सांगितले होते की येणे असलेले पैसे घेण्यासाठी आपल्याला बेऱ्हमपूरला बोलावले आहे आणि आपण तेथे निघालो आहोत. लॉर्ड ॲटकिन यांनी ते विधान ग्राह्य ठरवले. 'मी अमक्याला भेटायला चाललो आहे' या प्रकारच्या वाक्याचे नाव काढले की आजही आपल्या न्यायालयांत हाच निवाडा पुढे केला जातो. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती तरतूद कलम २६ म्हणून आली आहे, शब्दांत फारसा फरक नाही.

तरीही वकील म्हणून एक सावधगिरीची सूचना करतो. ग्राह्य म्हणजे सिद्ध नव्हे. 'भेटायला चालले आहे' यावरून भेट झालीच असे ठरत नाही, आणि तो आला होता असे तर मुळीच ठरत नाही.

चिकित्सक

कायद्याचा काथ्याकूट वाचनीय आहे, पण त्याआड एडमंड पूक लपतो असे मला वाटते. त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते, घटनास्थळाजवळ शिटी सापडली होती आणि तो मुलींना शिटीने खुणावत असे, डेप्टफर्डच्या दुकानातून हत्यार घेतल्याची साक्ष होती, आणि कामावरून काढलेली गर्भवती मोलकरीण होती. एवढे असताना 'आपण गर्दीत उभे आहोत' असे म्हणून हात झटकणे मला पटत नाही. गर्दीही कधी कधी बरोबर असते.

दप्तरी

चिकित्सक, गर्दी चुकलीच असे मी म्हटलेले नाही. आपण दिलेला प्रत्येक मुद्दा कोठून आला एवढेच मला पाहायचे आहे.

रक्त माणसाचे की जनावराचे हे ठरवणारी चाचणी उलेनहुट यांनी १९०१ मध्ये शोधली. १८७१ मध्ये डॉ. लेथबी कपडे तपासून 'हे रक्त आहे' येथपर्यंतच येऊ शकत होते. एडमंडला फेफऱ्याचे झटके येत आणि त्यात जीभ चावली जाते, असे बचावाचे म्हणणे होते, आणि ते खोडून काढण्याचे साधन त्या काळी कोणाकडेच नव्हते. दुकानातील विक्रीबाबत दिवस कोणता आणि गिऱ्हाईक कोण यावर साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत. वृत्तपत्रांत मात्र या साक्षी वेगवेगळ्या दिवशी आल्या, त्यामुळे पहिल्या दिवशीचा ठसा राहिला आणि नंतरची फिरवाफिरव आतल्या पानावर गेली.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देण्याचा सर्वसाधारण अधिकार इंग्लंडमध्ये १८९८ पर्यंत नव्हता. त्यामुळे ओल्ड बेलीच्या अहवालात एडमंडची साक्षच नाही. त्याचे मौन हे अपराधीपणाचे लक्षण आहे असे एका ब्लॉगवर वाचले तेव्हा हसावे की रडावे कळेना. त्याला बोलू द्यायचे नव्हते, तो बोलला नाही.

ओल्ड बेलीच्या अहवालाचीही उणीव सांगितली पाहिजे, नाहीतर मी त्याला वेदवाक्य मानतो असे वाटेल. त्यात सहसा प्रश्न गाळून उत्तरे सलग छापलेली असतात, म्हणून साक्षीदार आपणहून बोलला की वकिलाने काढून घेतले हे कळत नाही. वकिलांची भाषणे आणि न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे केलेला समारोप तर बहुधा नसतोच. पोलिसांच्या तपासावर बोव्हिल यांनी ओढलेले ताशेरे वाचायचे असतील तर पुन्हा वृत्तपत्राकडेच जावे लागते. दोन्ही डोळे उघडे ठेवल्याशिवाय हे प्रकरण वाचता येत नाही.

नीरजा_लंडन

मी येथे जवळच राहते, म्हणून कागदांबाहेरच्या दोन गोष्टी सांगते.

पहिली लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागाराविषयी. मेट्रोपोलिटन पोलिसांच्या खून-प्रकरणांच्या फायली मेपो ३ या मालिकेत आहेत आणि त्यांची सूची घरबसल्या पाहता येते. वाचनकक्षात बसायला पैसे लागत नाहीत. ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा दाखवून वाचकपत्र घ्यायचे, पेन बाहेर ठेवून फक्त पेन्सिल आत न्यायची, आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने हवी तेवढी छायाचित्रे काढायची. या मालिकेतील फायली मी दुसऱ्याच एका प्रकरणासाठी पाहिल्या. त्यांत सर्वांत जाड गठ्ठा पोलिसांच्या अहवालांचा नव्हता, जनतेच्या पत्रांचा होता. शेजाऱ्यावर संशय घेणारे, स्वप्नात खुनी पाहिलेले, बक्षिसाची चौकशी करणारे लोक, आणि जवळजवळ प्रत्येकाने आपण वृत्तपत्रात काय वाचले ते आधी लिहिलेले. दप्तरींनी म्हटलेली गर्दी मला त्या दिवशी हस्ताक्षरासकट भेटली.

दुसरी गोष्ट जेनच्या स्मारकाची. लोकवर्गणीतून उभारलेले हे स्मारक ब्रॉकलीच्या दफनभूमीत आहे. उंच चौथऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना करणारे दगडी मूल आहे आणि खाली कोरले आहे की ही आईविना पोर वयाच्या १७ व्या वर्षी एल्थमच्या किडब्रुक लेनमध्ये मारली गेली, आणि तिचे शेवटचे शब्द 'मला मरू द्या' असे होते. आरोपीचे नाव अर्थातच नाही. मी गेले तेव्हा पाऊस पडून गेला होता आणि ओल्या दगडावरची अक्षरे कोरड्या दिवसापेक्षा स्पष्ट दिसत होती. कोणी जाणार असेल तर हे ध्यानात ठेवावे.

मृद्गंधा

मुंबईतही राजाबाई टॉवरवरून दोन पारशी स्त्रिया पडून मृत्यू पावल्या होत्या. त्यांतील एक, बचुबाई, अर्देशीर गोदरेज यांच्या पत्नी होत्या. माणेकजी नावाच्या एका इसमावर खटला चालून तो निर्दोष सुटला, असे वाचल्याचे स्मरते. त्यालाही हीच रीत लावता येईल का?

दप्तरी

अवश्य लावता येईल. ती घटना २५ एप्रिल १८९१ ची, म्हणजे जेन घराबाहेर पडली त्या संध्याकाळला बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशीची. हा निव्वळ योगायोग असला तरी तारखा लावताना मी क्षणभर थबकलो होतो. कोरोनरची चौकशी, मॅजिस्ट्रेट, मग उच्च न्यायालय या पायऱ्याही मुंबईत होत्या, आणि साक्षीपुरावा यांनी सांगितलेले कलम ३२ तोवर लागू झालेले होते. ज्यूरीने काय ऐकले आणि गावाने काय वाचले, यांतले अंतर तेथे कमी होते की अधिक, हे पाहण्यासारखे आहे. परंतु त्यासाठी इंग्रजी पत्रांबरोबर गुजराती पत्रेही वाचावी लागतील आणि मला गुजराती अडखळत येते. आपण वेगळा धागा काढावा, मी कात्रणे लावायला येतो.

नीरजाताईंनी सांगितलेल्या कोरीव ओळीविषयी लिहून थांबतो. 'शेवटचे शब्द' म्हणून दगडावर आलेले वाक्य गनच्या साक्षीतले आहे, पण जेन त्यानंतर चार दिवस जगली. त्या चार दिवसांत गाइज इस्पितळात ती काही बोलली का, आणि बोलली असेल तर ते कोणत्या पाकिटातल्या कात्रणांत आले, हे मी अद्याप नीट लावलेले नाही. डॉक्टरांची आणि परिचारिकेची कोरोनरपुढील साक्ष एकीकडे आणि ओल्ड बेलीतील उत्तरे दुसरीकडे ठेवून वाचायला या रविवारी बसणार आहे.